इंदूरच्या बाजारात ‘जनता’चा शोध

इंदूर म्हटलं की आधी जीभ जागी होते. सकाळी जिरावण भुरभुरलेले पोहे आणि त्याच्या जोडीला जिलबी, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीचे दिवस असतील तर तळलेला गराडू. सलग सात वर्षं, म्हणजे २०१७ पासून २०२३ पर्यंत, देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या या गावात खाऊगल्लीतून चालताना पायाखाली कागदाचा कपटाही दिसत नाही, याचं आपल्यासारख्या पाहुण्यांना फार कौतुक वाटतं.

पण सराफा पाहायचा तर रात्री खायला जाण्याआधी एकदा दिवसाउजेडीही पाहावा. रात्री ज्या ओट्यांसमोर कढया चढतात, त्याच ओट्यांमागच्या पेढ्यांवर दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. गिऱ्हाईक जुनी बांगडी पुढं करतं. सराफ ती काळ्या दगडावर हलकेच घासतो, उमटलेल्या रेघेवर थेंबभर तेजाब लावतो आणि रेघ किती टिकते ते पाहून सोन्याचा कस सांगतो. कसोटी, कस लागणं, कसाला उतरणं हे आपले रोजच्या बोलण्यातले शब्द या दगडावरूनच आलेत. सोन्याचं बरं आहे, त्याला एक दगड पुरतो. आम्ही मात्र इंदुरात शोधायला निघालो होतो एक जुनं मनगटी घड्याळ. त्याची कसोटी कुठल्या दगडावर घ्यायची?

गडियार आणि घड्याळ

आपल्याकडं कन्नडमध्ये ‘गडियार’ म्हणतात, मराठीत ‘घड्याळ’. दोन्ही शब्द घटकेच्याच कुळातले. असली-नकली ही जोडी तर मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषांत एकत्रच नांदते. इंदूरची मराठीही आपल्या मराठीसारखीच शेजारणीचं लुगडं नेसलेली! आपल्या बोलण्यात कन्नडचे हेल येतात, तिथं हिंदीचे. रामबागेतली आमची मावशी ‘मी येऊन राहिले’ म्हणते आणि काका दर दोन वाक्यांमागं ‘अरे भिया’ म्हणतात. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि त्यांच्या आश्रयानं वाढलेली मराठी घरं या शहरात पिढ्यान् पिढ्या रुजली. त्यामुळं बेळगावच्या माणसाला इथं परकं वाटत नाही.

इंदूरच्या लोकांना घड्याळाची खूण नवी नाही. १९०४ मध्ये बांधलेल्या आणि तेव्हा किंग एडवर्ड हॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीला १९४८ मध्ये महात्मा गांधींचं नाव मिळालं. पण तिच्या मनोऱ्यावर चारही बाजूंना घड्याळं असल्यामुळं जुनी माणसं तिला सरळ ‘घंटाघर’ म्हणतात. रिक्षावाल्याला गांधी हॉल सांगा नाहीतर घंटाघर सांगा, तो तिथंच आणून सोडतो.

शोध कशाचा होता?

आमच्या अप्पांना नोकरी लागली तेव्हा आजोबांनी एचएमटीचं ‘जनता’ घेऊन दिलं होतं. हातानं चावी द्यायचं, तारीख नाही, वार नाही, तीन काटे आणि देवनागरीत लिहिलेलं ‘जनता’ हे नाव. रोज रात्रीच्या बातम्या संपल्या की अप्पा चावी देत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा घरातली माणसं आणि जनावरं निघाली, पण कपाटातलं घड्याळ मागं राहिलं. पाणी ओसरल्यावर चिखलातून मिळालं ते गंजाचा गोळा होऊन. अप्पांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण नंतर मुलांनी आणलेली दोन नवी घड्याळं त्यांनी डब्यातच ठेवली. रात्री बातम्या संपल्या की त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडं जातो आणि तसाच परत येतो, हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं.

मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला इंदूरला जायचं ठरलं, तेव्हा काका फोनवर म्हणाले, “राजवाड्याच्या मागल्या गल्ल्यांत जुनी घड्याळं मिळतात. ये तर खरी, बघू.”

एचएमटी म्हणजे आपल्या कर्नाटकची लेक. १९५३ मध्ये बेंगळूरला यंत्रं बनवण्यासाठी ही सरकारी कंपनी सुरू झाली. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१ पासून तिथं मनगटी घड्याळं बनू लागली आणि पहिल्या खेपेचं प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पुढं १९७८ मध्ये तुमकूरलाही कारखाना झाला. तुमकूरला नोकरी केलेली माणसं आपल्या नात्यागोत्यात सापडतीलच. सोना, कांचन, पायलट, कोहिनूर, तरुण, सुजाता ही नावं एकेकाळी लग्नाच्या याद्यांत असत. १९८० च्या दशकाच्या शेवटाकडं टायटनची क्वार्ट्झ घड्याळं आली आणि चावीचे दिवस सरले. २०१४ मध्ये एचएमटीचं घड्याळखातं बंद होणार अशी बातमी आली तशी लोकांनी उरलीसुरली घड्याळं घेण्यासाठी धाव घेतली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आणि तिथूनच जुन्या एचएमटीचा भाव वाढला. भाव वाढला की नकलाही आल्याच.

चेहरा नवा, पाठ जुनी

राजवाड्यामागच्या पहिल्या दुकानात मालकानं मखमलीच्या ट्रेमधून एकदम दहा-बारा ‘जनता’ पुढं केली. एक गुलाबी, एक मोरपंखी, एकावर तिरंगा, एकावर गणपती. सगळी कशी आरशासारखी चकचकीत. “साठ सालचा माल, पेटीबंद,” तो म्हणाला. मावशीला मोरपंखी फार आवडलं. काका मात्र काही न बोलता आम्हाला पुढच्या गल्लीत घेऊन गेले. तिथं एका जिन्याखाली जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या जागेत एक वयस्क कारागीर डोळ्याला भिंग लावून बसले होते. मराठी ऐकल्यावर त्यांनी भिंग काढलं.

“ताई, ज्या घड्याळाचा चेहरा नवा आणि पाठ जुनी, ते आधी उघडायला सांगा,” ते म्हणाले. मग तासभर त्यांनी जे दाखवलं, ते प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

सुरुवात डायलपासून. जुन्या घड्याळाची डायल खराब झाली की ती घासून, नवा रंग देऊन, त्यावर नाव पुन्हा छापून देणारे लोक मुंबईत आणि इतर शहरांत आहेत. घड्याळाच्या शौकिनांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असंच नाव पडलंय. कारखान्यातली छपाई भिंगाखाली पाहिली तर अक्षरांच्या कडा धारदार दिसतात. पुन्हा छापलेली अक्षरं जाड, पसरट, कुठं शाई फुटलेली. मिनिटांच्या रेघा पाहाव्यात. बारावरची रेघ बाराच्या खुणेशी बरोबर जुळते का, की डायल किंचित फिरल्यासारखी दिसते? ‘१७ ज्वेल’ आणि ‘पॅराशॉक’ या शब्दांची स्पेलिंगं नीट आहेत का? सहाच्या खाली अगदी कडेला असलेली बारीक अक्षरं शिल्लक आहेत का? रंगवणारे बहुतेकदा ती गाळतात नाहीतर वेडीवाकडी छापतात. भडक रंग, देवांची चित्रं, तिरंगा, एखाद्या खात्याचं नाव दिसलं की आधी संशय घ्यावा.

मग काटे. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. तो आधीच थांबत असेल किंवा रेघा ओलांडून जात असेल, तर तो दुसऱ्या घड्याळाचा. अंधारात चमकणाऱ्या रंगाला आपण सरसकट रेडियम म्हणतो. १९६० च्या आधीच्या बऱ्याच घड्याळांत खरोखरच रेडियम असे. त्याच्याबरोबरचा चमकणारा मसाला काही दशकांत थकतो, त्यामुळं चाळीस-पन्नास सालचं म्हणून विकलं जाणारं घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल, तर रंग नंतर भरलाय हे नक्की. मात्र चमक गेली तरी रेडियमचा किरणोत्सार जात नाही, त्याला सोळाशे वर्षांत निम्मं होण्याची सवय आहे. म्हणून असं घड्याळ घरी उघडून खरवडत बसू नये.

तिसरी गोष्ट केस, म्हणजे घड्याळाची डबी. फार पॉलिश केलं की डबीच्या कडा गोल होतात, पट्टा अडकवायचे चार पाय बारीक होतात आणि मागच्या झाकणावरची अक्षरं पुसट होतात. झाकणावरची अक्षरं पुसलेली आणि समोरची डायल मात्र कालच छापल्यासारखी, ही जोडी जमत नाही. माणूस आणि त्याचा चेहरा एकाच वयाचे हवेत.

झाकण उघडल्यावर

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आतलं मशीन. कारागिरांनी पहिल्या दुकानासारखंच एक भडक निळं ‘पायलट’ आपल्या खणातून काढलं आणि झाकण उघडलं. पायलट आणि जनता यांच्यात एकाच जातीचं मशीन येई. पायलटला भाव जास्त. त्यामुळं जनताची डायल काढून पायलटची छापील डायल बसवली की झाला पायलट! मशीन एचएमटीचंच, चालतंही नीट, तरी घड्याळ खोटं. तेव्हा मशीन अस्सल निघालं म्हणून काम भागत नाही. डायल, काटे, डबी आणि मशीन या चौघांनी एकच गोष्ट सांगायला हवी.

जपानी सीकोच्या बाबतीत हे पडताळणं आणखी सोपं, कारण कंपनीनं आकडेच लिहून ठेवलेत. सीको ५ ची जुनी घड्याळं आपल्याकडं घराघरांत आहेत आणि त्यांच्या नकलाही तितक्याच. मागच्या झाकणावर जोडाक्रमांक असतो. त्यातले पहिले चार आकडे मशीनचे. डायलच्या खालच्या कडेलाही बारीक अक्षरांत मशीनचा आकडा असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. झाकणावरच्या दुसऱ्या, लांब क्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरं चिन्ह म्हणजे महिना. दुकानदार सत्तर साल म्हणतो आणि आकडा चार म्हणतो, तर दुकानदाराला हसून नमस्कार करावा.

स्विस घड्याळांत वेस्ट एंड आणि फाव्र-ल्यूबा ही दोन नावं आपल्या आजोबांच्या पिढीची. दोन्ही कंपन्यांची मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासून ओळख. वेस्ट एंडच्या एका प्रसिद्ध मॉडेलचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार. या घड्याळांवर कुणीतरी ब्रिटिश सरकारी मालमत्तेची बाणाची खूण छापतं आणि ‘लष्करी घड्याळ’ म्हणून दुप्पट पैसे मागतं. बाण छापायला शाईचा एक ठिपका लागतो. लष्करी म्हणायचं तर झाकणावर मूळचे कोरलेले आकडे हवेत, आणि ते झाकण त्याच घड्याळाचं हवं.

आणि एक साधी गोष्ट कानाची. हातचावीच्या बहुतेक जुन्या घड्याळांत सेकंदाला पाच ठोके पडतात, त्यामुळं सेकंदकाटा बारीक पावलांनी सरकत जातो. तो सेकंदाला एकदाच उडी मारत असेल, तर आत बॅटरीचं मशीन आहे, वरची डायल काहीही म्हणो.

दुरुस्ती वेगळी, बनाव वेगळा

म्हणजे बदललेला प्रत्येक भाग खोटाच का? कारागिरांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. “काच बदलते, पट्टा बदलतो, चावी झिजते, स्प्रिंग तुटते. पन्नास वर्षं चाललेलं घड्याळ दुरुस्त झालेलं नसेल तर ते वापरलंच नाही. बदललं ते सांगा, एवढंच.”

इंदूरचा राजवाडाच याचं उदाहरण म्हणून उभा आहे. सात मजल्यांचं प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे. १९८४ च्या दंगलीत आग लागली आणि मागचा मोठा भाग जळून गेला. २००६-०७ च्या सुमारास जुन्या पद्धतीनं तो पुन्हा बांधला गेला. आज तिथं कुणी नवा भाग जुना म्हणून दाखवत नाही. विचारलं तर सांगतात, हे होळकरांचं, हे नंतर बांधलेलं. म्हणूनच तो पाहताना फसवल्यासारखं वाटत नाही.

उलट बाजूचं उदाहरण माणिकबागेचं. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून हा महाल बांधून घेतला आणि युरोपातल्या नामवंत कलाकारांचं फर्निचर आणलं. ते फर्निचर १९८० मध्ये मोनाकोत लिलावात गेलं. आज महालात सरकारी करखात्याचं कार्यालय आहे. त्या खुर्च्या आणि दिवे जगात कुठंही गेले तरी ओळखू येतात, कारण महालाच्या त्या काळच्या खोल्यांचे फोटो आहेत. कुठली वस्तू कुठल्या कोपऱ्यात होती, ते फोटोत दिसतं. वस्तूबरोबर तिचा कागद असला की तिची किंमत नुसत्या पैशांत वाढत नाही, विश्वासातही वाढते.

घड्याळाचंही तसंच. जुनी पावती, वॉरंटीकार्ड, लग्नाच्या फोटोत मनगटावर दिसणारं तेच घड्याळ, यांतलं काहीही मिळालं तर जपून ठेवावं. मात्र नुसत्या पेटीवर भाळू नये, कारण पेटी वेगळी विकत मिळते. शिवाय कारखाना बंद झाल्यानंतरच्या काळातही एचएमटीच्या नावानं ‘जनता’ निघाली आहेत. ती खोटी नाहीत, पण साठ सालचीही नाहीत.

रात्रभराची परीक्षा

कारागिरांकडं विकायला दोनच ‘जनता’ होती. दोन्ही मळकट. एकाची डायल पिवळसर पडलेली, चारच्या आकड्याजवळ दोन तांबूस ठिपके. भिंगाखाली अक्षरं मात्र धारदार, काटे मापाचे, आतलं मशीन स्वच्छ. काच आणि चावी बदललेली होती आणि ते त्यांनी आधीच सांगितलं. आम्ही पूर्ण चावी देऊन घड्याळ एक रात्र घरी ठेवण्याची परवानगी मागितली, त्यांनी थोडी अनामत ठेवून दिली. अशा वेळी मोबाइलजवळ किंवा स्पीकरजवळ घड्याळ ठेवू नये, चुंबकानं ते धावत सुटतं. अर्धी रात्र डायल वर, अर्धी रात्र डायल खाली ठेवावं. चोवीस तासांत एखाद-दोन मिनिटांचा फरक पडला तर त्या वयाला माफ आहे. आमचं सव्वा मिनिट मागं पडलं. दुसऱ्या दिवशी व्यवहार झाला. पावतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, ‘डायल, काटे, मशीन मूळ, काच व चावी नवी’.

गावी पोचल्यावर अप्पांनी घड्याळ आधी कानाला लावलं. मग चष्मा काढून ठिपके पाहिले. “कुणाचं असेल गं हे?” एवढंच विचारलं. रात्री बातम्या संपल्यावर चावी दिली. शेजारचे अज्जा सकाळी ओसरीवर बसायला आले, मनगट हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “छलो ऐती.” आजोबांचं घड्याळ गेलं ते गेलंच. त्याच्या जागी दुसरं कुणाचं तरी खरं घड्याळ आलं, हे अप्पांना ठाऊक आहे आणि चालतंय.

तेव्हा मंडळी, जुनं घड्याळ घ्यायचं मनात असेल तर आधी आपल्याच घरातलं कपाट उघडा. काकांच्या, मामांच्या, आजीच्या ट्रंकेत एखादं ‘सुजाता’ नाहीतर ‘कांचन’ बंद पडून बसलेलं असेल. ते चांगल्या कारागिराकडं न्या, आणि डायल नवी करून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. साफसफाई आणि तेल एवढंच करून घ्या, निघालेले जुने भाग परत मागून पुडीत ठेवा. पाण्यापासून जपा, कारण झाकणावर काही लिहिलेलं असलं तरी या वयाला पाणी सोसत नाही. घड्याळ कुणाचं, कुणी दिलं, कुठल्या साली, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत घाला. मराठीत लिहा की कन्नडमध्ये, नातवंडांना वाचता आलं म्हणजे झालं.

आणि बाहेरून घ्यायचंच असेल, तर दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. “झाकण उघडून दाखवता का?” असं विचारा. जो लगेच उघडतो, त्याच्यासमोर बसा.